काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा कशी वापरतात?

गोळी सुटल्यावर मागे उरलेली पितळी पुंगळी आपल्याला माहीत असते ती पोलिसांच्या पंचनाम्यातून. अमेरिकेत मात्र रायफल नेमबाजीचे अनेक शौकीन ती उचलून घरी नेतात आणि नवा प्रायमर, बारूद व गोळी बसवून पुन्हा वापरतात. याला रीलोडिंग म्हणतात. (भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे.) काडतुसातला सहसा सगळ्यात महाग भाग पुंगळीच असल्याने पैसे वाचतात. पण खरी मेहनत त्या पुंगळीवरच असते.

पुंगळीच्या पितळात ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. गोळी झाडताना ती फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते आणि गॅस मागे, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, येऊ देत नाही. हा दाब किती? .३०८ विंचेस्टर काडतुसासाठी प्रति चौरस इंच ६२ हजार पौंड ही कमाल मर्यादा आहे.

फुगलेली पुंगळी आपोआप मूळ मापात येत नाही. म्हणून ती साफ करून, वंगण लावून डायमध्ये दाबतात. वंगण कमी पडले तर ती आतच अडकते, जास्त झाले तर खांद्याला पोचा पडतो.

वापरता वापरता पितळ तोंडाकडे सरकते आणि पुंगळी लांबते. .३०८ ची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर. त्याहून लांब पुंगळीचे तोंड चेंबरच्या टोकाला अडकून गोळीला आवळते आणि दाब धोकादायक वाढतो. त्यामुळे जादा भाग कापून कडा घासतात. कडक झालेली मान चिरू नये म्हणून काही जण ती तापवून मऊ करतात. बूड मात्र कधीच तापवायचे नसते, कारण मऊ बूड दाब पेलत नाही.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी अगदी साधी आहे. बुडाच्या जरा वर चमकदार कडे दिसते का ते पाहायचे, आणि टोक वाकवलेली तार आतून फिरवून खाच लागते का तेही. लागली, तर भिंत तिथे पातळ झाली आहे आणि पुढच्या बाराला पुंगळीचे दोन तुकडे होऊ शकतात.

पुंगळी किती वेळा वापरावी, याचा ठरावीक आकडा नाही. आपल्या पोलिसांनी अनेक दशके वापरलेल्या .३०३ ली-एनफिल्डचे चेंबर ऐसपैस असते, त्यात पुंगळ्या लवकर ताणल्या जातात. बाद पुंगळी पकडीने चेपून टाकतात, म्हणजे ती चुकून चांगल्यांत मिसळत नाही.