भागाची लांबी आणि रात्रीची लांबी

मराठी समीक्षेने कथनाच्या घाटाचा विचार पुष्कळ केला. लांबीचा विचार मात्र तिने जवळजवळ केलाच नाही. ‘लघु’ आणि ‘दीर्घ’ ही विशेषणे वर्गवारीपुरती वापरली जातात, आणि एखादी कलाकृती परिचित मापाबाहेर गेली की ‘पाल्हाळ’ हा एक शब्द उच्चारून निवाडा दिला जातो. झेरार जेनेत यांनी १९७२ साली कथेतील काळ आणि कथनाला लागणारा काळ यांच्या गुणोत्तरावरून दृश्य, सारांश, विराम व लोप अशा लयीच्या चार अवस्था कल्पिल्या. परंतु ही मांडणी संहितेच्या आत राहते. प्रयोग केव्हा उभा राहतो, केव्हा संपणे शक्य असते, एका भागानंतर दुसरा येईतो किती दिवस जातात, हा संहितेबाहेरचा काळ तीत मोजला जात नाही. भागाभागाने सांगितल्या जाणाऱ्या कथनात निर्णायक ठरतो तो नेमका हाच काळ. भंडारा जिल्ह्यातील रात्रभराची नाट्यपरंपरा आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भागशः प्रसिद्ध होऊ लागलेले कथाप्रधान व्हिडिओ गेम ही दोन उदाहरणे परस्परांपासून फार दूरची आहेत; त्यांत देवाणघेवाणीचा कसलाही संबंध नाही. म्हणूनच ती शेजारी ठेवली असता लांबीचा प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो.

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तत्पूर्वी जो एकच भंडारा जिल्हा होता तो सारा मुलूख, आणि दक्षिणेकडे चंद्रपूर-गडचिरोलीचा वैनगंगेच्या खोऱ्यातील भाग, मिळून झाडीपट्टी होते. हा धानाचा प्रदेश. दिवाळीच्या सुमारास हलके धान निघालेले असते, भारी धान अजून शेतात उभे असते. या मधल्या सवडीत भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया भरू लागतात. मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस निराळा; त्या दिवशी लेकीबाळी, सोयरेधायरे गावात येतात, दिवसा बाजार भरतो आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक उभे राहते. आज या गावी, उद्या शेजारच्या गावी अशी ही साखळी चालते. प्रेक्षकाच्या बाजूने पाहता हीच एक मालिका असते: कथा निरनिराळ्या, मंडळे निरनिराळी, पण रात्रींची ओळ एक.

दंडारीत पुरुषच स्त्रीभूमिका करतात. गाणे, नाच आणि बोलके विनोदी प्रवेश आलटूनपालटून येतात. खडी गंमतीत शाहीर व त्याचे साथीदार उभ्यानेच रंग भरतात, आणि नावातील ‘खडी’ हा शब्द तेथूनच आला. या दोन्ही प्रकारांत कथाभागाला ठरलेली लांबी नसते. एखाद्या गाण्याला बक्षीस मिळाले की कथा थांबते, देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, गाणे पुन्हा म्हटले जाते. विनोदी पात्राला हशा मिळत राहिला तर तो प्रवेश वाढतो, न मिळाला तर आवरतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दंडारीकडे गंभीरपणे लक्ष वेधले, तरी तिची ही लवचीक लय सामान्यतः संहितेचा अभाव म्हणूनच नोंदली जाते. वस्तुतः तो अभाव नव्हे. येथे स्थिर असते ती रात्र. बदलते ती संहिता. छापील कथनात याच्या नेमके उलट घडते.

नाटकाने ही रात्र अधिक बांधेसूद केली. वडसा, म्हणजे आजचे देसाईगंज, हे झाडीपट्टीच्या नाट्यमंडळ्यांचे ठाणे बनले. दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत त्यांचा हंगाम चालतो. गावचे मंडळ प्रयोग ठरवते, तिकिटे लावते, आणि रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चालते. नागर प्रेक्षकाला ही लांबी खटकते. दोन-अडीच तासांत बसेल एवढेच कथानक रात्रभर ताणले आहे, असे त्याला वाटते. पण बैलगाडीने किंवा पायी आलेल्या माणसाने मध्यरात्री रान तुडवून परतावे कसे, आणि घरोघरी पाहुणे भरलेले असता निजावे कोठे? नाटक पहाटेपर्यंत चालले पाहिजे ही अट नाटककाराने घातलेली नाही. ती अंतरांनी आणि अंधाराने घातली. कौटुंबिक करुणकथेच्या जोडीला विनोदी पात्रांचे समांतर सूत्र, मधूनमधून गाणी व नाच, हा जो झाडीपट्टीच्या नाटकाचा ठरीव घाट दिसतो तो या अटीला दिलेला उत्तराचा घाट आहे. सात-आठ तास एकाच ताणाने कोणी जागत नाही. ताण चढवावा लागतो, सोडावा लागतो, डुलकी लागलेल्याला जाग आल्यावर धागा पुन्हा सापडेल अशी पुनरुक्तीही ठेवावी लागते. ज्याला पाल्हाळ म्हणतात त्यातला बराच भाग ही पुनरुक्ती आहे.

रात्र जागवणे ही एकट्या झाडीपट्टीची मिरास नव्हती, हे येथे विसरता कामा नये. बालगंधर्वांच्या काळचे संगीत नाटकही ‘वन्स मोअर’ घेत घेत पहाटेपर्यंत जात असे. आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ उभे केले तेव्हा सातांपैकी पहिले चारच अंक होते. उरलेले तीन नंतर आले. ‘रामराज्यवियोग’ तर १८८५ मध्ये किर्लोस्कर वारल्यामुळे अपुरेच राहिले. छापील कथनात हरि नारायण आपट्यांच्या ‘करमणूक’ने १८९० पासून आठवड्याची लय रूढ केली, त्यांच्याही काही कादंबऱ्या शेवटापर्यंत पोहोचल्या नाहीत. क्रमशः वाचन हे सलग वाचनाहून गुणाने निराळे असते, कारण तुटलेल्या जागी वाचकाची कल्पना काम करू लागते, हे वोल्फगांग इझर यांनी डिकन्सच्या काळातील वाचकांसंबंधी दाखवून दिले. मात्र इझर यांच्या रिक्त जागेत वाचक एकटा असतो. मंडईच्या दुसऱ्या सकाळी बाजारात जी चर्चा होते ती सामुदायिक असते, आणि तीही प्रयोगाचाच भाग मानावी लागेल.

व्हिडिओ गेमने भागशः कथनाचा मार्ग धरला तो मुख्यतः व्यापारी कारणाने. मोठा गेम तयार व्हायला अनेक वर्षे लागतात. लहान भाग लवकर विकता येतात, आणि पुढचा भाग घडवला जात असता मागच्याचा प्रतिसाद हाती येतो. व्हॉल्व्ह या कंपनीने ‘हाफ-लाइफ २’चा पहिला भाग जून २००६ मध्ये आणि दुसरा ऑक्टोबर २००७ मध्ये काढला. दोहोंमधील अंतर सोळा महिन्यांचे झाले. दुसरा भाग ऐन पेचावर संपला, आणि जाहीर केलेला तिसरा कधीच आला नाही. टेलटेल या कंपनीने ऑक्टोबर २००६ ते एप्रिल २००७ या काळात ‘सॅम अँड मॅक्स’चे सहा भाग सुमारे महिन्याच्या अंतराने दिले. तिच्याच ‘द वॉकिंग डेड’चे पाच भाग एप्रिल ते नोव्हेंबर २०१२ मध्ये आले; एकेक भाग साधारण दोन-अडीच तासांचा, म्हणजे एका बैठकीत संपणारा. दोन भागांतील अंतर एवढे लांब नसावे की पात्रे विसरावीत, एवढे अपुरेही नसावे की बोलायला वेळ मिळू नये, हे गणित या गेमने जमवले. पुढे २०१८ मध्ये याच मालिकेच्या शेवटच्या पर्वाचे दोन भाग बाहेर पडलेले असताना टेलटेलचे काम बंद पडले; उरलेले दोन भाग स्कायबाउंड या कंपनीने मार्च २०१९ पर्यंत पुरे केले. ‘रामराज्यवियोग’ला असा दुसरा हात लाभला नाही.

लांबीचा प्रश्न येथे एका बाबतीत दंडारीच्या जवळ येतो. कादंबरीचा वाचक वेगाने किंवा सावकाश वाचू शकतो, पण मजकूर तेवढाच राहतो. गेम खेळणारा एखाद्या खोलीत अर्धा तास रेंगाळला, प्रत्येक वस्तू पाहत बसला, तर भाग खरोखरच लांबतो. लय अंशतः त्याच्या हाती असते, जशी ती बक्षीस देणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती असते. ‘द वॉकिंग डेड’ने ती काही जागी काढून घेतली: संवादात उत्तर निवडायला मोजकेच क्षण मिळतात, आणि काहीच न निवडता गप्प राहिले तर ते मौन हेच उत्तर धरून कथा पुढे जाते. सावकाश भटकण्याचे तुकडे आणि घड्याळ लावलेले तुकडे यांच्या आलटापालटीतून भागाची लय बनते. डॉन्टनॉडच्या ‘लाइफ इज स्ट्रेंज’मध्ये (पाच भाग, जानेवारी ते ऑक्टोबर २०१५) नायिका थोडा काळ मागे फिरवू शकते, झालेला प्रसंग पुन्हा घडवू शकते. हा ‘वन्स मोअर’च म्हणावा, पण उलट्या हेतूचा. नाट्यगृहात पुनरावृत्ती मागितली जाते ती तेच पुन्हा मिळावे म्हणून. येथे ती निराळे काही घडावे म्हणून.

भेदही तेवढाच ठळक आहे. ‘द वॉकिंग डेड’चा भाग संपला की इतर खेळणाऱ्यांपैकी किती टक्क्यांनी कोणता निर्णय घेतला ते पडद्यावर दिसते. एकट्याने खेळलेल्या भागाला जोडलेला हा समुदाय आकड्यांचा आहे. त्याला ना आवाज आहे, ना थंडी. मंडईत शेजाऱ्याचे हसणे कथेची लांबी त्याच क्षणी बदलते. आकडे कथा संपल्यावर येतात, आणि झालेल्या भागात काही बदलत नाहीत.

बाहेरचे अंतर नाहीसे झाले म्हणजे भागाचे काय होते, हेही दोन्हीकडे पाहता येते. ‘लाइफ इज स्ट्रेंज: ट्रू कलर्स’ सप्टेंबर २०२१ मध्ये एकदम पूर्ण प्रसिद्ध झाला; पाच प्रकरणे राहिली, पण त्यांच्यामधली वाट पाहणी गेली. प्रकरणाच्या शेवटी येणारा पेच आता काही आठवडे मनात वागवावा लागत नाही, पुढची कळ दाबली की सुटतो. झाडीपट्टीत अनेक गावी नाटकाची रात्र शंकरपटाला जोडलेली असे: दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. २०११ ची केंद्राची अधिसूचना आणि ७ मे २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी पट बंद झाला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत पटाच्या रात्रीचे नाटक दिवसाचे निमित्त गमावून बसले. मंडईची रात्र तेवढी हाती राहिली. याहून गंभीर कापणी होते ती सांस्कृतिक महोत्सवात. ठरावीक मिनिटांत बसवलेली दंडार पाहणाऱ्याला वेश दिसतो, ठेका ऐकू येतो, बोली कानावर पडते. प्रेक्षकाच्या प्रतिसादाने ताणली जाणारी लय मात्र त्याला दिसू शकत नाही, कारण तिला लागणारी रात्रच तेथे नसते. अशा प्रयोगावरून झाडीपट्टीच्या रंगभूमीची ‘सैल’ म्हणून संभावना करणाऱ्याने ज्या गोष्टीचा निवाडा केला ती पाहिलेलीच नसते.

आपल्या भागांना ‘अंक’ म्हणवून घेणारा एक गेम या संदर्भात विशेष लक्षणीय ठरतो. ‘केंटकी रूट झीरो’चे पाच अंक जानेवारी २०१३ ते जानेवारी २०२० या सात वर्षांत आले, पहिले दोन सुमारे पाच महिन्यांच्या अंतराने, चौथा आणि पाचवा साडेतीन वर्षांच्या. मधल्या काळात लहान विष्कंभक प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ‘द एंटरटेनमेंट’मध्ये खेळणाऱ्याला एका नाट्यप्रयोगात, मद्यालयाच्या देखाव्यात, मुक्या पात्राच्या जागी बसवले जाते, मान वळवून पाहणे एवढेच त्याच्या हाती राहते, आणि वळून पाहिले तर प्रेक्षागृह दिसते. मुख्य कथा एका जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या गाडीवानाची, त्याने पोहोचवायच्या शेवटच्या सामानाची. ती मावळतीला सुरू होते आणि पहिल्या चार अंकांवर रात्रीचेच आवरण राहते. पाचव्या अंकात ऊन पडते, पत्ता सापडतो, पुराने मोडलेल्या गावात लोक उरलेसुरले आवरू लागतात. ज्यांनी पहिला अंक २०१३ मध्ये खेळला त्यांना उजाडायला सात वर्षे लागली. आज पाचही अंक एकत्र घेणारा तीच रात्र दोन-तीन बैठकींत ओलांडतो.