पंधरा तारीख आणि किरायाची पावती

मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. रुळांचं माप आणि पुलांचे गर्डर यापलीकडे माझा हात फारसा चालत नाही. पण मागच्या दिवाळीत वडिलांची जुनी पत्र्याची पेटी उघडली, त्यात कोर्टात भरलेल्या किरायाच्या पावत्यांचा एक गठ्ठा सापडला आणि विषय मिळाला.

भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी माणूस छत्तीसगढात येत राहिला. पुढे रेल्वे आली, कचेऱ्या आल्या, शाळा-कॉलेजं आली. नागपूर-वऱ्हाडकडून नोकरीसाठी आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्याची सुरुवात इथे किरायाच्या दोन खोल्यांतच झाली. तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांच्या भिंतींना विचारलं तर त्या हेच सांगतील.

भाडेकरूला कायद्याचं संरक्षण मिळालं ते महायुद्धामुळे. पहिल्या महायुद्धात मुंबईत कामगारांची गर्दी वाढली, नवी बांधकामं थांबली आणि भाडी भडकली. तेव्हा 1918 साली मुंबईत भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तीच टंचाई पुन्हा आली. मुंबई प्रांतात 1947 चा कायदा आला, तर आपल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात 1949 चा भाडे नियंत्रण आदेश. तेव्हा रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्या आदेशाप्रमाणे मालकाला घर खाली करण्याची नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, रायपूर मध्य प्रदेशात राहिलं. इथे पुढे 1961 चा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण कायदा लागू झाला.

या कायद्यातली थकबाकीची कलमं मला पेटीतल्या कागदांवरून कळली. 1990 च्या सुमारास मी पाचवीत होतो. आईचं ऑपरेशन झालं आणि वडिलांचा पाच महिन्यांचा किराया थकला. महिना सव्वाशे रुपये. मालकीणबाई विधवा होत्या, आम्ही त्यांना काकू म्हणायचो. त्यांचीही चूल त्याच सव्वाशेवर चालायची, हे आज समजतं. त्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली. नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत सगळी थकबाकी दिली असती, तर थकबाकीच्या कारणावर दावा उभाच राहिला नसता. पण वडिलांनी भिडेपोटी ती बाजूला ठेवली. "काकू काय आपल्याला रस्त्यावर काढणार आहेत का?" असं म्हणाले. मग कोर्टाचं समन्स आलं.

तिथे कायद्याने दुसरी संधी दिली. समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात थकबाकी कोर्टात जमा करायची आणि दावा चालेपर्यंत दर महिन्याचा किराया पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरायचा. हे पाळलं तर थकबाकीच्या कारणावरून घर सोडण्याचा हुकूम होत नाही. चुकलं तर बचावच काढून टाकता येतो. आणि ही सवलत एकदा मिळाल्यावर पुन्हा सलग तीन महिने किराया थकला, तर मग माफी नाही.

वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढलं आणि मुदतीत पैसे भरले. नंतरचे महिने घरात पंधरा तारीख एकादशीसारखी पाळली गेली. एकदा ते लाईनवर अडकले, तर आई मला घेऊन कोर्टात गेली. बाहेरच्या बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांनी आईला विचारलं, "टाके नीट भरले ना?" दोघींना रडू आलं. पुढे तडजोड झाली, किराया थोडा वाढला आणि दावा मागे घेतला गेला. आम्ही ते घर सोडलं ते आठ वर्षांनी, क्वार्टर मिळाल्यावर.

पेटीतल्या कागदांवरून एक गोष्ट ध्यानात आली. त्या कायद्याने भाडेकरूला फुकट राहू दिलं नाही. अडचणीत सापडलेल्याला पैसे उभे करायला वेळ दिला आणि मालकाचा पैसा कोर्टात सुरक्षित ठेवला. मालकांचीही बाजू होती. किराया गोठला आणि दावे वर्षानुवर्षं लांबले. म्हणून 1983 च्या दुरुस्तीने विधवा, निवृत्त सरकारी नोकर अशा मालकांना स्वतःच्या गरजेसाठी घर परत मिळवण्याचा जवळचा मार्ग दिला.

महाराष्ट्रात 31 मार्च 2000 पासून एकच भाडे नियंत्रण कायदा आहे. तिथेही समन्सनंतर नव्वद दिवसांत थकबाकी पंधरा टक्के व्याजासह भरली, तर घर वाचतं. आपल्या छत्तीसगढात 2011 चा नवा कायदा आला. त्यात करार लेखी असावा लागतो आणि किराया वारंवार थकवणाऱ्याविरुद्ध मालक रेंट कंट्रोलरकडे जाऊ शकतो. शिवाय कारण न सांगता सहा महिन्यांच्या नोटिशीवर घर खाली करून मागण्याची सोयही आहे. फक्त त्यानंतर बारा महिने ते जास्त किरायाने देता येत नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची तरतूद मात्र त्या न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये रद्द ठरवली.

म्हणजे पारडं आता मालकाकडे झुकलं आहे. आपली मुलं पुण्याला, बेंगळुरूला किरायाने राहतात आणि आपल्यातले कित्येक इथे मालक झाले आहेत. दोन्ही बाजूंना माझं एवढंच सांगणं आहे. करार लिहून घ्या, पावती द्या आणि घ्या, नोटीस आली तर भीड न धरता त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा. आणि दार वाजवण्याआधी एकदा समोरच्या घरातल्या आजारपणाची चौकशी करा.

बाप्पा दरवर्षी दहा दिवसांसाठी आपल्या घरी येतात आणि मुदत संपली की निघतात. बाकीच्यांना थोडी सवड लागते. गणपती बाप्पा मोरया!