नदीची तपासणी आणि टोपातली चिंबोरी

मागच्या व्याख्यानात आपण खोपोलीच्या वीजघरापाशी थांबलो होतो. १९१५ साली ते सुरू झालं आणि लोणावळा, वळवणच्या तलावांचं पाणी वीज देऊन पाताळगंगेत उतरू लागलं. बारमाही पाणी म्हटल्यावर कारखाने आलेच. रसायनीला ज्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना उभा राहिला, तिची स्थापना १९६० ची.

पण खालापुरात पाताळगंगेच्या आणि कर्जतला उल्हासच्या खोऱ्यात कातकरी वाड्यांचं जेवणही चालत आलंय. पहिल्या पावसात वलगणीचे मासे, पुढे चिंबोऱ्या, रानातली शेवळं, माळावरचा टाकळा. पैसे न मोजता मिळणारं सकस अन्न.

१९७४ च्या जल कायद्याने प्रदूषण रोखायची चौकट दिली. नदीच्या पाण्यात आपण प्राणवायू, बीओडी, सामू मोजतो. पण पाण्यात पारा नाममात्र असला, तरी माशाच्या अंगात तो साठत जातो. १९५६ मध्ये जपानच्या मिनामातात आजार उघडकीस आला, तो मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांत.

कॅनडाच्या उत्तरेत तर जवळपास कारखानेही नव्हते. तरी १९८० च्या दशकात इनुइट आयांच्या दुधात पीसीबी सापडलं. १९९१ पासून तिथल्या सरकारी कार्यक्रमात सील, मासे यांचीच तपासणी होते. मात्र ‘खाऊ नका’ असं सरसकट सांगत नाहीत. त्या अन्नाची जागा दुकानातलं पाकीट घेत नाही.

आपल्याकडेही नुसतं नदीला विचारून भागणार नाही. कुठल्या ओहोळातली चिंबोरी, कुठल्या महिन्यात, घरात कोण किती खातं, हे वाडीतल्या बायकांना विचारूनच तपासणी सुरू करायला हवी.