दोष कुणाचा?

घरातला तरुण मुलगा एकाएकी माणसे टाळू लागतो, नसलेले आवाज त्याला ऐकू येतात, आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे असे तो सांगतो. मग डॉक्टरांच्या आधी शेजारपाजारच निदान करून मोकळा होतो. कुणी करणी म्हणतो, कुणी घराण्याचे खूळ, कुणी आईचे फाजील लाड. छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया. या आजाराच्या कारणमीमांसेचा इतिहास चाळला, तर विद्वानांनीही याहून फार वेगळे केले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९० च्या दशकात या आजाराचे स्वतंत्र वर्णन केले. स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली त्याला आजचे नाव दिले. नाव मिळाले, कारण मात्र सापडले नाही.

प्रथम रक्त दोषी ठरले. जुलै १९३३ मध्ये नाझी सरकारने अशा रुग्णांना सक्तीने निर्बीज करण्याचा कायदा केला. त्याखाली विविध आजारांच्या सुमारे ४ लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. पुढे रुग्णालयांतील मनोरुग्णांना ठारच मारले जाऊ लागले; १९४० व १९४१ या दोन वर्षांत विषारी वायूने ७० हजारांवर जीव घेतले गेले. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी वेदीजवळून या हत्यांचा उघड निषेध केला. त्याच महिन्यात ती मोहीम अधिकृतपणे थांबवण्यात आली. छुप्या हत्या मात्र चालूच राहिल्या.

युद्धानंतर आरोपीच्या पिंजऱ्यात आई उभी राहिली. १९४८ साली अमेरिकेतील मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी आईच्या थंड, दुराव्याच्या वागणुकीकडे बोट दाखवले. पुढे कितीतरी वर्षे आधीच खचलेल्या मातांनी हे ओझेही वाहिले.

ते ओझे उतरवायला डेन्मार्कमधील दत्तक मुलांच्या अभ्यासाने मोठा हातभार लावला. सिमूर केटी व त्यांच्या सहकाऱ्यांना १९६८ साली दिसले, की आजारी दत्तकांच्या जन्मदात्या कुटुंबांत हा विकार अधिक आढळतो, वाढवणाऱ्या कुटुंबांत नव्हे. म्हणजे आनुवंशिकता खरी. पण ती विधिलिखित नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरे त्यातून सुटते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. तिच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात या आजाराचे प्रमाण सुमारे दुप्पट असल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले.

आज चित्र असे आहे : शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा, गर्भावस्थेतील व प्रसूतीतील अडचणी, मोठ्या शहरातील बालपण, कोवळ्या वयातील गांजा. यांपैकी एकच एक कारण पुरेसे नसते. आई वा बाप आजारी असला, तरी दहापैकी सुमारे नऊ मुलांना हा आजार होत नाही.

दोषी शोधण्यात शतक गेले. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या घरी हे दुखणे आले, तर त्या आईला ‘तुझं काय चुकलं?’ असे विचारू नये. मुलाला लवकर डॉक्टरांकडे नेण्यास तिच्यासोबत जावे. उपचार जितके लवकर, तितका आराम पडण्याचा संभव अधिक.