सातबाऱ्यापलीकडचे कागद

सातबारा नावावर असला की जुनी खरेदीखते जपायची गरज नाही, हा समज महाराष्ट्रात खोलवर रुजला आहे. तो घातक आहे. आपल्याकडे सरकारी दप्तर वाढले ते मुख्यतः सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी. मालकी सिद्ध करण्याचा भार धारकावरच राहिला. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे गेला की निवाड्याचा महजर हजर मंडळींच्या नावांनिशी लिहिला जाई, पाटील त्यावर नांगराची निशाणी करी. पुढच्या पिढीत भाऊबंदकी उफाळली की तोच कागद पुन्हा बाहेर निघे. वतनदार घराण्यांनी सनदा आणि महजर जिवापाड सांभाळले ते यासाठीच.

त्या जपणुकीची खरी कसोटी इनाम कमिशनने घेतली. 1852च्या 11व्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या इनामदारांकडे हक्काचा पुरावा मागितला गेला आणि त्यांचे दावे पेशवे दप्तरातल्या नोंदींशी ताडून पाहिले गेले. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही पुरावा अपुरा ठरला की इनामावर गदा येई. कमिशनच मुळात अन्यायी होते, मग कागदांचे महत्त्व त्यावरून कसे ठरवायचे, असे कोणी विचारील. अन्याय झाला हे खरेच; त्यातून उठलेला असंतोष एवढा होता की 1863च्या कायद्यांनी ठरावीक रक्कम भरून चौकशीविना इनाम कायम करून घेण्याची वाट काढावी लागली. पण त्या अन्यायी चौकशीतही सनद हाती नसलेल्याची बाजू सर्वांत दुबळी होती.

सातबाऱ्याचे मूळही महसुलातच आहे. 1903च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आणली. आज 1966च्या महसूल संहितेचे कलम 157 या नोंदी खऱ्या मानते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री 1882च्या कायद्यानुसार नोंदणीकृत दस्तानेच होते. तरी दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याची मालकी तपासून तिची हमी देत नाही. म्हणून केवळ आपले खरेदीखत पुरत नाही. आधीच्या मालकांची खरेदीखते, वाटणीपत्र, वारसाचे फेरफार अशी सारी साखळी हवी.

सगळे आता संगणकावर मिळते, हा आक्षेप निम्मा खरा आहे. सातबारा, मालमत्ता पत्रक, सूची क्रमांक दोन मिळतात. नोंदलेल्या दस्ताची प्रतही मिळवता येते. पण मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. न नोंदलेले मूळ मृत्युपत्र हरवले तर ते कुठल्याच सरकारी दप्तरात सापडणार नाही. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, संस्थेचे भागप्रमाणपत्र हेही घरातच जपायला हवे. फ्लॅटधारकांना वाटते की जमिनीशी आपला संबंध नाही. 1963च्या कायद्याने जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेला करून देणे बिल्डरवर बंधनकारक केले, तरी कित्येकांनी ते टाळले आणि 2008च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. त्या अर्जासोबत सभासदांचे नोंदणीकृत करार लागतात, आणि हात पुन्हा कपाटातल्या त्याच जुन्या फायलीकडे जातो.