रेडा ओळखीचा, रानरेडा अनोळखी

नवरात्रात बुधवार पेठेत तांबड्या जोगेश्वरीच्या रांगेत उभं राहिलात, की महिषासुराची आठवण होतेच. ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेला रेडा आपल्याला ठाऊक असतो, यमाचा ठाऊक असतो. या सगळ्यांचा रानातला पूर्वज मात्र आपल्या गावीही नसतो.

डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडमध्ये शिरलेला आणि पकडापकडीनंतर मेलेला प्राणी रानरेडा नव्हता. तो गवा होता. 'गवारेडा' म्हणत आपण दोघांची गल्लत करतो. खरा रानरेडा महाराष्ट्रात उरलाय तो गडचिरोलीच्या कोलामार्कात, छत्तीसगडच्या सीमेलगत. २०१३ साली हे जंगल संवर्धन राखीव क्षेत्र झालं.

पूर्वी असं नव्हतं. १८७१ साली आलेल्या जेम्स फोर्सिथच्या पुस्तकात मध्य भारतातले रानरेडे आणि त्यांची शिकार भेटते. पुढे बंदुका वाढल्या, गवताळ नदीकाठ शेतीखाली गेले. गुरांमागोमाग बुळकांडीही रानात शिरली.

हीच गोष्ट समुद्रापार, फिलिपिन्सच्या मिंडोरो बेटावर घडली. तिथला तामारॉ म्हणजे रानरेड्याचा ठेंगणा चुलतभाऊ. उंची जेमतेम मीटरभर, शिंगं 'व्ही' अक्षरासारखी. १९०० च्या सुमारास ते अंदाजे १०,००० होते. मग वस्त्या वाढल्या, गुरांचे कळप आले आणि १९३० च्या दशकात बुळकांडी आली. १९६९ पर्यंत शंभरही उरले नाहीत. माणसांनी काही तामारॉ पकडून त्यांची पैदास करून पाहिली. ती जमली नाही. तिथे जन्मलेला कालिबासिब, लाडाचं नाव 'काली', हा बंदिवासातला शेवटचा तामारॉ. तो ऑक्टोबर २०२० मध्ये गेला. आज काही शे उरलेत, तेही डोंगरातल्या राखलेल्या गवताळ पट्ट्यांमुळेच.

बुळकांडी २०११ साली जगातून हद्दपार झाली. रानरेड्याची भीती मात्र संपलेली नाही. पाळीव म्हशी रानात चरायला जातात, संकर होतो आणि रानातलं शुद्ध रक्त पिढीगणिक पातळ होत जातं. गोळी झाडली की आवाज तरी होतो. हा शेवट बिनआवाजी असतो. कळपात जनावरं दिसत राहतात, रानरेडा मात्र संपलेला असतो.

कोलामार्काभोवती समुद्र नाही, तरी ते बेटच आहे. ते राखायचं तर रानरेड्याला गोठ्यात आणून चालणार नाही. त्याचं गवत, त्याचं पाणी राखायला हवं आणि आपल्या म्हशी तिथून थोड्या लांब ठेवायला हव्यात.