भनपुरीहून सिहावाच्या डोंगरांत : मासेमारी व तंबूमुक्कामाचे नियोजन

रायपूर : शहराच्या उत्तरेस बिलासपूर मार्गावर असलेल्या भनपुरी या औद्योगिक वसाहतीतून डोंगरपाण्याच्या शोधात निघणाऱ्यास दक्षिणेकडील धमतरी जिल्हा सोयीचा ठरतो. याच जिल्ह्यातील सिहावाच्या डोंगरांत महानदीचा उगम आहे. तिच्या खोऱ्यात गंगरेल, मुरूमसिल्ली व दुधावा ही धरणे वसली आहेत. गळ व तंबू घेऊन जाणाऱ्यांसाठी हा प्रदेश रमणीय असला, तरी येथे ऋतू, कायदा आणि पाणी यांची माहिती नसल्यास सहल संकटात सापडू शकते.

मार्ग व स्थळे

रायपूर ते धमतरी हे अंतर अभनपूर व कुरूदमार्गे सुमारे ८० किलोमीटर असून तेथून गंगरेल सुमारे १५ किलोमीटरवर आहे. ‘रविशंकर सागर’ या नावानेही ओळखले जाणारे गंगरेल कुटुंबासह प्रथमच जाणाऱ्यांसाठी योग्य ठिकाण होय. तेथे पर्यटकांसाठी निवासाची सोय आहे. मुरूमसिल्ली धरण सिलारी नदीवर १९१४ ते १९२३ या काळात बांधले गेले. दुधावा व सिहावा अधिक आत, सालवनांच्या प्रदेशात आहेत. एका रात्रीच्या मुक्कामासाठी गंगरेल पुरेसे ठरते. सिहावाकडे जाण्यासाठी किमान दोन रात्री हाताशी असाव्यात.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत अनुकूल काळ होय. छत्तीसगडमध्ये दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्या, नाले व त्यांच्याशी जोडलेल्या जलाशयांत मासेमारीस बंदी असते. रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे पावसाळ्यात अंडी घालतात. त्यांची पुढील पिढी वाचावी, हा या बंदीचा हेतू आहे. बंदी मोडल्यास एक वर्षापर्यंत कारावास, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वनविभाग वणव्याचा हंगाम मानतो. याच दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. पहाटे मोहफुले वेचण्यास गावकरी येतात आणि त्याच फुलांसाठी अस्वलेही येतात. त्यामुळे मोहाच्या झाडाखाली तंबू कधीही ठोकू नये.

परवानगी

जलाशयातील मासे बेवारस नसतात. बहुतेक तलाव व जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना अथवा अन्य धारकांना पट्ट्याने दिलेले असतात. त्या पाण्यावर केवट, निषाद, ढीमर आदी समाजांतील कुटुंबांची उपजीविका चालते. म्हणून गळ टाकण्यापूर्वी जिल्हा मत्स्य कार्यालयाकडून पट्टा कोणाकडे आहे हे जाणून घ्यावे व धारकाची संमती मिळवावी. बांधाजवळील क्षेत्रासाठी जलसंपदा विभागाकडे, तर वनक्षेत्रातील मुक्कामासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे विचारणा करावी.

उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्पाची हद्द या भागाला लागून आहे. अभयारण्यात विनापरवाना प्रवेश करता येत नाही. तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. नगरी-सिहावाच्या काही अंतर्गत भागांत पूर्वी माओवादी हालचालींची नोंद झालेली असल्याने मुक्कामाचे ठिकाण स्थानिक पोलीस ठाण्यास कळवणे इष्ट.

पाण्यापासून सावध

दुधाव्यातून सोडलेले पाणी महानदीच्या पात्रातून गंगरेलकडे येते. मुरूमसिल्लीचा सांडवा वक्रनलिकेच्या तत्त्वावर चालतो. पाणी ठरावीक पातळीवर पोहोचताच, कोणीही दरवाजा न उघडता तो आपोआप वाहू लागतो. म्हणून कोरड्या दिसणाऱ्या वाळूच्या पात्रात किंवा सांडव्याच्या खालच्या अंगास तंबू उभारू नये. काठाच्या ओल्या खुणेपेक्षा बरीच उंच, कठीण व सपाट जागा निवडावी. बुडालेल्या झाडांचे खुंट आणि गाळ यांमुळे जलाशयात उतरणे धोक्याचे असते. नावेत बसताना जीवरक्षक जॅकेट अनिवार्य समजावे.

सामान व रात्र

साधी बांबूची काठी, दोर, गळ, कणकेचा गोळा किंवा गांडुळे एवढ्यावर नवशिक्याचे भागते. रीळ असलेली काठी मोठ्या माशासाठी उपयोगी पडते. हाती आलेली लहान पिले ओल्या हातांनी गळावरून सोडवून तत्काळ पाण्यात सोडावीत.

तंबू तळासह शिवलेला व साखळीने पूर्ण बंद होणारा असावा, कारण मण्यार हा विषारी साप रात्री अंथरुणात शिरतो. दक्षिण छत्तीसगडमधील वनभागांत हिवतापाचा प्रादुर्भाव असल्याने मच्छरदाणी व अंगाला लावण्याचे मलम विसरू नये. परतल्यानंतर ताप आल्यास रक्ततपासणी विनाविलंब करावी. सर्पदंश झाल्यास दंशाची जागा न कापता, न बांधता रुग्णास स्थिर ठेवून रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

या पट्ट्यात हत्तींचा वावरही असतो. वनविभाग गावोगावी सूचना देतो. त्या दिवशी हत्ती जवळपास असल्याचे कळल्यास मुक्काम रद्द करणे हाच शहाणपणा. मासे साफ केल्यावर उरलेला भाग तंबूजवळ टाकू नये. शेकोटी परवानगी असेल तेथेच पेटवावी आणि निघताना पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत विझवावी.

आत गेल्यावर दूरध्वनीचे जाळे अनेकदा तुटते. म्हणून जाण्याचे ठिकाण, वाहनाचा क्रमांक आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवावी. ठरलेल्या वेळी माणसे परतली नाहीत, तर शोध कोठून सुरू करावा हे त्या कागदावरूनच कळते.